जुना पीएस/२ माऊस बंद पडला, नवा यूएसबी माऊस अडॅप्टर लावूनही हलत नाही: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. २००५ च्या सुमारास जुळवून घेतलेला घरचा कॉम्प्युटर, पेंटियम ४, विंडोज एक्सपी. हिरव्या गोल पिनेचा, म्हणजे पीएस/२ पोर्टला लागणारा, ऑप्टिकल माऊस. आधी पॉइंटर मध्येच कोपऱ्यात उड्या मारायचा, नको ते मेनू आपोआप उघडायचे, मग एक दिवस माऊस बंदच पडला. तसा माऊस दुकानात मिळाला नाही, म्हणून दुकानदाराने यूएसबी माऊस दिला आणि सोबत एक हिरवा गोल अडॅप्टर. तो लावला की माऊसचा लाल दिवा लागतो, पण पॉइंटर जागचा हलत नाही. पोर्ट गेला का? आणि जुना माऊस दुरुस्त होईल का?

पोर्ट गेलेला असण्याची शक्यता फार कमी आहे. कॉम्प्युटर बंद करून अडॅप्टर काढा, नवा माऊस कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये थेट लावा आणि कॉम्प्युटर चालू करा. एक्सपीमध्ये यूएसबी माऊसचा ड्रायव्हर मुळातच असतो, सीडी लागत नाही. पहिल्या वेळी वीस-तीस सेकंद थांबा. नवीन हार्डवेअर सापडल्याची खिडकी आलीच तर एंटर दाबत पुढे जा. पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट सुरुवातीला टाळा. जुळवलेल्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या वायरी मदरबोर्डवर चुकीच्या पिनांना जोडलेल्या सापडतात, आणि ५ व्होल्ट व ग्राउंड उलटे असतील तर नवा माऊस पहिल्याच क्षणी जातो.

आता तो अडॅप्टर. त्याच्या आत चिप वगैरे काही नसते, नुसत्या चार तारा असतात. ५ व्होल्ट ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, यूएसबीची माहिती नेणारी डी प्लस तार पीएस/२ च्या क्लॉकला (ताल देणारी तार) आणि दुसरी, डी मायनस, डेटाला (माहितीची तार). भाषा बदलण्याचं काम माऊसच्या चिपने करायचं असतं. २००० च्या दशकातल्या अनेक माऊसच्या चिपला दोन्ही भाषा येत, आपण कुठे जोडले गेलो आहोत हे ती चालू होताना ओळखायची. असे अडॅप्टर त्याच माऊसच्या खोक्यात मिळायचे. आजच्या स्वस्त माऊसच्या चिपला फक्त यूएसबी कळतं. अडॅप्टरमधून ५ व्होल्ट मिळतात म्हणून दिवा लागतो, पण बोलणं काहीच होत नाही. दिवा लागला याचा अर्थ वीज पोचली, एवढाच.

बाजारात आणखी एक वस्तू दिसते: एक यूएसबी पिन आणि तिला जांभळी व हिरवी अशी दोन गोल सॉकेट. तिच्यात चिप असते, पण ती उलट कामाची आहे. जुना पीएस/२ कीबोर्ड आणि माऊस नव्या यूएसबी मशीनला लावण्यासाठी ती आहे. तुमच्या कामाची नाही. यूएसबी माऊस पीएस/२ पोर्टला चालवणारे चिपवाले कन्व्हर्टर मिळतात, पण शोधावे लागतात आणि माऊसपेक्षा महाग पडतात. कॉम्प्युटरला एकही यूएसबी पोर्ट चालू नसेल तरच त्यांच्या मागे लागा.

माऊस नसताना काम कसं चालवायचं

तपासणी करताना कॉम्प्युटर चार-पाच वेळा बंद-चालू करावा लागेल, आणि बटण दाबून धरून बंद करायची सवय जुन्या हार्ड डिस्कला परवडत नाही. एक्सपीमध्ये कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबा, स्टार्ट मेनू उघडेल. मग यू, आणि समोर येणाऱ्या चौकटीत पुन्हा यू. कॉम्प्युटर नीट बंद होतो.

पॉइंटर हवाच असेल तर डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीवर एंटर. आता उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरून पॉइंटर हलतो: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. शून्याने वस्तू धरली जाते, टिंबाने सुटते. हलत नसेल तर नम लॉक एकदा दाबून बघा. राइट क्लिकसाठी शिफ्ट आणि एफ१० पुरतं. विंडोजची की आणि पॉज एकत्र दाबली की सिस्टिम प्रॉपर्टीज उघडते. कंट्रोल-टॅबने हार्डवेअरच्या पानावर जाऊन तिथून डिव्हाइस मॅनेजर गाठता येतो.

जुन्या माऊसचं नेमकं काय बिघडलं

पॉइंटर कोपऱ्यात उडणं आणि मेनू आपोआप उघडणं ही तुम्ही सांगितलेली लक्षणं बरंच काही सांगतात. चाक असलेला पीएस/२ माऊस प्रत्येक हालचालीला चार बाइट पाठवतो, बिनचाकाचा तीन. सुरुवातीला मात्र प्रत्येक माऊस तीन बाइटचाच असतो. विंडोज सुरू होताना ड्रायव्हर त्याला २००, १०० आणि ८० असे तीन सॅम्पल रेट (सेकंदाला किती वेळा हालचाल कळवायची तो आकडा) ओळीने पाठवतो, ती खूण ओळखून माऊस चार बाइटवर जातो. वायर क्षणभर तुटून पुन्हा जुळली की माऊस नव्याने सुरू होतो आणि तीन बाइटवर परततो. विंडोज मात्र चारच मोजत राहतं. बाइट एकेकाने सरकतात, हालचालीचा आकडा बटणाचा म्हणून वाचला जातो, आणि मग भूत लागल्यासारखा प्रकार दिसतो. लोक व्हायरस समजून विंडोज नव्याने टाकतात. बहुतेक वेळा वायर तुटत आलेली असते, आणि काही दिवसांनी ती पूर्ण तुटते. तुमच्याकडे क्रम अगदी तसाच आहे.

खात्रीसाठी कॉम्प्युटर बंद करून जुना माऊस लावा, मग चालू करा. पीएस/२ चालू मशीनला लावू-काढू नये. एक तर माऊस सुरुवातीला दिसला नाही तर एक्सपी बहुधा तो ओळखत नाही. दुसरं म्हणजे ते पोर्ट तशा वापरासाठी बनलेलंच नाही. घरात अर्थिंग नसेल तर धोका वाढतो. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या त्याच्याच. काही मदरबोर्डवर कॉम्प्युटर बंद असतानाही या पोर्टला स्टँडबाय ५ व्होल्ट मिळतात, म्हणून भिंतीवरचं बटणही बंद करा.

दिवा लागत नसेल तर माऊसच्या तोंडाशी, जिथे वायर आत शिरते तिथे, ती हळू वाकवून बघा. एखाद्या कोनात दिवा लागला तर निदान झालं. दिवा लागतो पण पॉइंटर हलत नाही, तर क्लॉक किंवा डेटाची तार तुटलेली असू शकते.

गोल पिनही नीट बघा. सहापैकी दोन पिना मुळातच नसतील तर घाबरू नका. काम फक्त चारच पिना करतात, म्हणून बऱ्याच माऊसच्या प्लगमध्ये बाकीच्या दोन बसवलेल्याच नसतात. पिन वाकली असेल तर रिकाम्या रिफिलचं टोक काढून ती नळी पिनेवर सरकवा आणि हलक्या हाताने सरळ करा. पकडीने ओढू नका. एकदा सरळ झालेली पिन दुसऱ्यांदा वाकली की तुटतेच. प्लग घालताना आतला चौकोनी प्लास्टिकचा ठोकळा खाचेसमोर आणा, जोर लावायचा नाही.

वायरची दुरुस्ती

मल्टिमीटर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिलिमीटरची ६०/४० सोल्डर तार, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) आणि श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) एवढं लागतं. हे आधीच घरात असेल तर दुरुस्ती करा. फक्त या माऊससाठी विकत आणायचं असेल तर तेवढ्या पैशांत दोन-तीन नवे माऊस येतात.

माऊस उलटा करा. स्क्रू दिसत नसेल तर तो पायांच्या चिकट पट्ट्यांखाली किंवा लेबलखाली असतो. लेबलवर बोट फिरवलं की पोकळ जागा लागते. स्क्रू काढल्यावर मागची बाजू उचलून झाकण पुढे सरकवा, पुढे बहुधा प्लास्टिकच्या खाचा असतात. चाकाची बारीक स्प्रिंग उडते, तेव्हा ट्रेमध्ये किंवा पांढऱ्या कापडावर उघडा. आतली पारदर्शक भिंग सैल असते. ती कुठे कशी बसली होती याचा मोबाइलवर फोटो घ्या.

बोर्डावर वायर कनेक्टरने किंवा थेट डाग देऊन जोडलेली असते. मीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की बीप देणारी सोय) ठेवा, एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं बोर्डाच्या सोल्डरला. चारही तारा एकेक करून तपासा, आणि तपासताना वायर हलवत राहा. नुसत्या पडून असलेल्या वायरला बीप येतो आणि वाकवली की जातो, हे नेहमीचं आहे. कुठला रंग कुठल्या पिनेला जातो हे कागदावर लिहून ठेवा. यूएसबीमध्ये लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी डी मायनस आणि हिरवी डी प्लस असा ठरलेला रिवाज आहे, तरी स्वस्त मालात तोही पाळला जात नाही. पीएस/२ ला तर ठरलेले रंगच नाहीत. त्यामुळे दुसऱ्या माऊसची वायर रंग बघून लावणं म्हणजे चिप जाळायची तयारी. ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटे झाले की परत फिरायला वाव नसतो.

तूट बहुतेक वेळा माऊसच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असते. मधेच जोड देत बसू नका. खराब पाच-सहा सेंटिमीटर कापून टाका आणि चांगलं टोक थेट बोर्डाला जोडा. वायर तेवढी आखूड झाली तर काही बिघडत नाही. एक अडचण मात्र येते: काही वायरींमध्ये तांब्याचे तंतू दोऱ्याभोवती गुंडाळलेले असतात आणि त्यांच्यावर लाखेचा पातळ थर असतो. सोल्डर त्यांना धरत नाही, गोळा होऊन घसरतं. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घेऊन तार त्यात चार-पाच सेकंद धरा. थर जळतो, दोरा वितळतो किंवा करपतो, मग तार चकचकीत होते. त्यानंतरच बोर्डाला लावा. श्रिंक ट्यूब डाग देण्याआधी तारेत ओवायची असते.

आत शिरल्यावर वायर जिथे खाचेत अडकायची तो रबरी भाग तुम्ही कापून टाकलेला असतो. त्या जागी छोटी केबल टाय घट्ट बांधा, म्हणजे ओढ सोल्डरवर येणार नाही. हे राहिलं तर दुरुस्ती महिनाभरही टिकत नाही.

वायर मधेच उंदराने कुरतडली असेल तर जोड द्यावाच लागेल. चारही तारांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, एकेक सेंटिमीटर पुढे-मागे द्या. आणि कुरतडलेली वायर तशीच पुन्हा पोर्टला लावून बघायचा मोह टाळा. का, ते पुढे येईल.

एका क्लिकला दोन क्लिक

माऊसचा हा दुसरा नेहमीचा आजार. फोल्डर एकदा दाबलं तर उघडतं, ओढताना फाइल मधेच सुटते. उघडण्याआधी कंट्रोल पॅनेलमधलं माऊसचं पान बघा. क्लिक लॉक चुकून चालू असेल तर वस्तू चिकटल्यासारखी वाटते. डावं-उजवं बटण अदलाबदल झालेलं असेल तर सगळंच उलटं वागतं. यांना स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

तिथे सगळं ठीक असेल तर दोष बटणाखालच्या मायक्रोस्विचमध्ये आहे. आत तांब्याची बारीक पट्टी असते, ती मऊ पडते किंवा तिच्या टोकाला काजळी धरते. कोकणात, मुंबईत, पावसाळी दमट हवेत हे लवकर होतं. बाजारात ऑम्रॉनचा डी२एफसी-एफ-७एन हा स्विच सहज मिळतो. १२.८ बाय ५.८ बाय ६.५ मिलिमीटरचा ठोकळा, तीन पाय, पायांमध्ये ५.०८ मिलिमीटर अंतर. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे सुट्या भागांच्या दुकानात विचारा. मिळाला नाही तर डावा आणि उजवा स्विच अदलाबदल करा. उजवा फार कमी वापरलेला असतो. चाकाखालचं बटण बहुधा वेगळ्या जातीचं असतं, ते इथे बसत नाही.

काढताना तिन्ही पायांवर आधी नवं सोल्डर आणि फ्लक्स द्या, मग सकरने (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) ओढा. जुनं सोल्डर तसंच ओढायला गेलात तर आयर्न जास्त वेळ टेकवावं लागतं आणि स्वस्त बोर्डाची तांब्याची पट्टी उचलली जाते. नवा स्विच बसवताना वरचं बारीक बटण एका टोकाकडे झुकलेलं असतं, ते जुन्यासारखंच आलं पाहिजे. तिन्ही पाय भोकांत घालून स्विच बोर्डाला सपाट टेकवा. अर्धा मिलिमीटर उंच राहिला तरी झाकण लावल्यावर क्लिक सतत दाबलेला राहतो.

स्विचचं झाकण उघडून आतली पट्टी वाकवून पुन्हा ताणायची युक्तीही बरेच जण सांगतात. करता येते, पण ती पट्टी परत बसवणं किचकट असतं आणि गुण फार दिवस टिकत नाही. कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक थेंब तेवढंच काम करतो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मात्र नको, तो आत थर सोडतो आणि धूळ धरतो. चाक उलटसुलट सरकत असेल तर त्याच्या बाजूच्या एन्कोडरमध्येही (चाकाचं फिरणं मोजणारा भाग) हाच क्लिनर सोडून चाक वीस-तीस वेळा फिरवा. बहुतेक वेळा सुधारतं.

पॉइंटर थरथरतो किंवा आपोआप सरकतो, तेव्हा खालच्या भोकात केस अडकलाय का बघा. मग साध्या पांढऱ्या कागदावर चालवून बघा. चकचकीत सनमायका आणि काच यांवर ऑप्टिकल माऊस गोंधळतो, कारण आतला बारीक कॅमेरा पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची लागोपाठ चित्रं घेऊन हालचाल मोजतो. चित्रात काही दिसलंच नाही तर मोजणार काय? कागदावर नीट चालला तर माऊस चांगला आहे, पॅड घ्या. कागदावरही चालत नसेल, वायर आणि भिंग ठीक असतील, तर सेन्सर गेला. त्यावर वेळ घालवू नका.

चेंडूवाला माऊस असेल तर खालची कडी बाणाच्या दिशेने फिरवून चेंडू काढा. आत तीन रुळ दिसतील, दोन मोजणारे आणि एक चेंडू दाबून धरणारा. प्रत्येकावर मधोमध मळाची कडी जमलेली असते. लाकडी दातकोरणीने ती सोडवा, आयसोप्रॉपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. चेंडू साबणाच्या पाण्याने धुवा. थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर रबर बिघडतं. सफाईनंतरही एकाच दिशेत पॉइंटर नुसता थरथरत असेल आणि पुढे सरकत नसेल, तर त्या रुळाच्या भोकांच्या चाकाजवळ केस आहे किंवा दोनांपैकी एक प्रकाश-सेन्सर गेला आहे. दिशा कळायला दोन्ही लागतात.

आणि जर खरंच पोर्ट गेला असेल

कीबोर्डही पीएस/२ चा आहे आणि त्याचे दिवे लागतात, तो चालतो, तर वीज पोर्टपर्यंत येतेच आहे असं समजायला हरकत नाही. बऱ्याच मदरबोर्डवर दोन्ही पोर्टना एकच फ्यूज असतो. दोन्ही एकदम मेले असतील तर आधी प्लग अदलाबदल झालेत का बघा. जांभळा कीबोर्डचा, हिरवा माऊसचा, पण १९९० च्या दशकातल्या बऱ्याच मशीनवर दोन्ही सॉकेट काळीच असायची.

प्लग बरोबर असतील तर फ्यूज. वायर कुरतडून ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटले की तो उडतो, म्हणून वर कुरतडलेली वायर लावू नका म्हटलं. पोर्टच्या मागेच, एफ अक्षर छापलेल्या जागी, चपटा तुकडा असतो. तो पॉलिफ्यूज असेल तर वीज काढून थोडा वेळ ठेवल्यावर स्वतःच पूर्ववत होतो. एकदाच जळणारा असेल तर मीटरला बीप येणार नाही, आणि त्याच क्षमतेचा बदलावा लागेल. तिथे तारेचा तुकडा जोडून काम भागवणारे कारागीर भेटतात. पुढच्या शॉर्टला मग मदरबोर्डची पट्टी जळते.

कीबोर्ड चालतो, पण चांगला पीएस/२ माऊसही दिसत नाही, तर सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा. इंटिग्रेटेड पेरिफेरल्स किंवा तत्सम पानावर पीएस/२ माऊसची सोय बंद केलेली सापडते. तिथेच यूएसबी कंट्रोलर चालू आहे ना ते पाहा. तो बंद असेल तर नवा माऊस थेट लावूनही उपयोग होणार नाही. एक्सपीत यूएसबी २.० चा ड्रायव्हर नसला तरी माऊसला फरक पडत नाही, तो सर्वांत संथ, १.५ मेगाबिटच्या वेगावर चालतो आणि जुना कंट्रोलर त्याला सांभाळतो. सगळेच यूएसबी पोर्ट मेले असतील तर रिकाम्या पीसीआय खाचेत यूएसबी कार्ड बसवा. सर्व्हिस पॅक १ किंवा त्यापुढच्या एक्सपीत बहुतेक कार्डं सीडीशिवाय चालतात.

विंडोज ९८ असेल तर सेकंड एडिशन असल्याची खात्री करून मगच यूएसबी माऊस घ्या. एनटी ४ असेल तर यूएसबीचा विचार सोडा, जुना माऊसच दुरुस्त करा किंवा भंगार बाजारातून पीएस/२ शोधा.

नवा घेताना वायरवाला, साधा, तीन बटणांचा, किमान दीड मीटर वायरीचा घ्या. कॅबिनेट टेबलाखाली असेल तर त्याहून आखूड वायर ताणली जाते आणि तीच तोंडाशी पुन्हा तुटते. १००० डीपीआय (इंचभर हालचालीला माऊस किती टप्पे मोजतो तो आकडा) पुष्कळ झाले. गेमिंग माऊसचं सॉफ्टवेअर एक्सपीवर बसत नाही, मग त्याचा वेग आवरता येत नाही. वायरलेस एक्सपीवर चालतो, पण कॅबिनेटच्या मागे पत्र्याच्या आडोशाला रिसीव्हर लावला तर पॉइंटर अडकत चालतो. घ्यायचाच असेल तर सोबत मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि रिसीव्हर टेबलावर आणा.